ओल्या धान्याचा ढीग आणि ‘हलाल’ कॉइन

मदीनेच्या बाजारात धान्याच्या एका ढिगापाशी प्रेषित मुहम्मद (स.) थांबले आणि त्यांनी ढिगात हात घातला. बोटांना ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. तेव्हा भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे विचारून प्रेषितांनी फसविणाऱ्याला आपल्यातून वगळले. सहीह मुस्लिममधील ही हदीस आपण विक्रेत्यांना ऐकवतो. मात्र ढिगात घातलेला तो हात ग्राहकालाही काही शिकवतो, याकडे आपले दुर्लक्ष होते.

गतवर्षी असरच्या नमाजनंतर आमच्या मोहल्ल्यातील एक बुजुर्ग मोबाईल घेऊन आले. “मौलाना, हे हलाल कॉइन आहे, व्याज अजिबात नाही. जुम्याला दोन शब्द सांगा ना.” ॲपमध्ये त्यांची रक्कम रोज दीड टक्क्याने वाढताना दिसत होती. नफा कोणत्या व्यापारातून येतो, असे मी विचारले. त्यांना सांगता आले नाही. मी मिंबरवरून घोषणा केली नाही, परंतु त्यांना थांबवलेही नाही. “बघून करा” एवढेच म्हणालो. तो हलगर्जीपणा मला आजही बोचतो. दोन महिन्यांनी मुलीच्या लग्नासाठी पैसे काढायला गेले, तेव्हा ‘आधी कर भरा’ असा संदेश आला. तोही त्यांनी भरला. त्यानंतर ॲप उघडलेच नाही.

आपल्या परिसराला हे नवे नाही. जून २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी ‘मनी ट्रेड कॉइन’ नावाच्या आभासी चलनाचे प्रकरण उघडकीस आणले. फसवणुकीचा आकडा तेव्हा सुमारे ५०० कोटी रुपये सांगितला गेला. पुण्यात गाजलेल्या ‘गेनबिटकॉइन’ने १८ महिने दरमहा १० टक्के परताव्याचे आमिष दाखवले होते, पुढे बिटकॉइनऐवजी लोकांच्या हाती स्वतःचेच एक नाणे ठेवले. जानेवारी २०२५ मध्ये कोसळलेल्या ‘टोरेस’चे दुकान तर कल्याणमध्येही होते. तेथे समोर खडे-दागिने होते. मात्र पैसा आभासी चलनाच्या वाटेने परदेशी नेल्याचा तपास यंत्रणांचा आरोप आहे.

आभासी चलन मुळात जायज आहे की नाही, यावर उलमांमध्ये मतभेद आहेत. येथे त्या वादात शिरण्याची गरजच नाही. मुदारबामध्ये एकाचे भांडवल आणि दुसऱ्याचे श्रम असतात. नफ्यातील वाटा ठरवता येतो, भांडवलावर ठरावीक रक्कम नव्हे. तोटा झाला तर भांडवलदार तो सोसतो. म्हणून रोजचा ठरलेला टक्का आणि मुद्दलाची हमी कोणी देत असेल, तर नावापुढे ‘हलाल’ लावल्याने तो व्यवहार मुदारबा होत नाही. बंगळूरच्या ‘आयएमए’नेही हलाल गुंतवणुकीच्या नावाने मुस्लिमांचीच बचत गोळा केली होती, २०१९ मध्ये तिचा डोलारा कोसळला.

ॲपमधील आकडा म्हणजे पैसा नव्हे. तो समोरच्याने पडद्यावर लिहिलेला असतो. प्रारंभी हजार-दोन हजार काढूही देतात, कारण त्यावर विसंबूनच माणूस लाख टाकतो. बँकेतून गेलेली रक्कम तत्परतेने तक्रार केल्यास कधीकधी गोठवता येते. अनोळखी वॉलेटवर पाठवलेले यूएसडीटी मागे खेचणारी अशी बँक मध्ये नसते. आणि कराविषयी: आपल्या देशात अशा नफ्यावर ३० टक्के कर आहे, तो आयकर खात्याकडे भरायचा असतो. पैसे काढण्यापूर्वी कर म्हणून आणखी यूएसडीटी मागणारा लबाडच समजावा.

सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत बातमीची शहानिशा करण्याची आज्ञा आहे. मशिदीतील ओळख ही शहानिशा नव्हे. आणणारा भाचा असो वा हाजीसाहेब, तोही बहुधा फसलेलाच असतो.

फसवणूक झाली असेल तर लाजेपोटी गप्प बसू नये. त्वरित १९३० वर फोन करावा, वॉलेटचा पत्ता, व्यवहाराचा क्रमांक आणि सर्व संदेश जपून ठेवावेत, पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी. ‘पैसे परत मिळवून देतो, थोडी फी द्या’ म्हणणारा बहुधा त्याच टोळीचा दुसरा माणूस असतो.

ज्यांनी इतरांना जोडून कमिशन घेतले, त्यांच्यापुढे वेगळा प्रश्न आहे. ते कमिशन शेजाऱ्याच्या मुद्दलातूनच आले होते. हा हुकूकुल इबादचा मामला आहे. केवळ तौबा पुरेशी नाही, ती रक्कम ज्याची त्याला परत द्यावी लागेल. आमच्या मोहल्ल्यात दोघांनी ती परत केली आहे, तिसऱ्याशी बोलणे चालू आहे.