गुळाचा खडा आणि सैल दोर

हैदराबादच्या मलकपेठेत राहणाऱ्याला घोडे आपोआप कळतात, असा प्रस्तुत लेखकाचा समज होता. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी १८८६ साली मौला अलीच्या शर्यती इथे आणल्या. आजही रेसकोर्सच्या बाजूने पहाटे फिरायला गेलं की टापा ऐकू येतात. एवढ्या भांडवलावर त्याने नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतून एक तट्टू घेतलं आणि शहराबाहेर एका स्नेह्याच्या आवारात बांधलं.

मग सुरू झाला गुळाचा कार्यक्रम. रोज सकाळी तळहातावर एक खडा. आठवड्याभरात तट्टू त्याला पाहताच धावत येऊ लागलं आणि गडी खूश! तिसऱ्या आठवड्यात ते खिसे हुंगू लागलं, मग डोक्याने ढुशा देऊ लागलं. एके दिवशी गूळ विसरला होता. त्याच दिवशी बरोबर आलेल्या पुतणीने कौतुकाने हात पुढे केला आणि तट्टाने तिची बोटं दातात धरली. हाड वाचलं, नख गेलं. घोड्याला थेट नाकाखालचं दिसत नाही, तो ओठांनी आणि मिशांनी चाचपतो. बोट कुठलं आणि गूळ कुठला, हे त्याने कसं ओळखावं? लेखकाने मात्र रागाने तोंडावर दोन थापडा हाणल्या. ही चूक पहिलीपेक्षा मोठी. हात वर गेला की तट्टू मान झटकू लागलं, मोहरकी चढवणंही मुश्कील झालं.

शेवटी मलकपेठेतलाच एक म्हातारा साईस आला. उभी हयात तबेल्यात गेलेली. त्याने आधी हातचा गूळ बंद केला. लाड करायचेच तर बादलीत टाका म्हणाला. मग तट्टाकडे पाठ करून निवांत उभा राहिला. "साब, तुम उसके पास नक्को जाव, उसे आने देव."

वीस मिनिटांनी ते आलं. साईसने तोंडाला हात लावलाच नाही. आयाळ जिथे संपते तिथला, खांद्यांवरचा उंचवटा त्याने नखांनी खाजवला. घोडे एकमेकांना तिथेच कुरतडतात. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या जागी खाजवल्यावर घोड्यांच्या हृदयाचे ठोके मंदावलेले दिसले होते. म्हाताऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता.

दोराचं काम त्याहून बारीक. मोहरकीला लांब दोर, त्यावर दोन बोटांचा ताण, तोही मागच्या दिशेने. तट्टाने वजन नुसतं मागे कलवलं की त्याच क्षणी दोर सैल. पाऊल पडायचीही वाट बघायची नाही. घोडा शिकतो तो ओढण्यातून नव्हे, सुटण्यातून. आणि सैल करायला उशीर झाला तर आपण भलतंच शिकवून बसतो. लेखकाचा हात पंधरा दिवस उशीरच करत होता. दहा-पंधरा मिनिटं झाली की साईस थांबवायचा. तट्टू कंटाळायच्या आत थांबायचं, माणसाचं मन भरलं नसलं तरी चालेल.

बाकीची जवळीक रोजच्या कामात होते. खरारा मानेपासून सुरू करून मागे न्यावा, आणि मागे जाताना एक हात अंगावर असू द्यावा. घोड्याला ठीक पाठीमागचं दिसत नाही. खूर रोज उचलून साफ करावेत, नालबंदाला सहा ते आठ आठवड्यांनी बोलवावं. पाणी कायम समोर हवं. वैरण थोडी थोडी, दिवसभर. घोड्याला उलटी होत नाही, म्हणून पोटदुखी जिवावर बेतते. लीद थांबली, तो वळून वळून कुशीकडे बघू लागला किंवा सारखा लोळू लागला, तर घरगुती काढे करत न बसता डॉक्टरला फोन करावा.

दीड महिन्याने एका सकाळी तट्टू लेखकाशेजारी उभं होतं. गूळ नाही, दोर जमिनीला टेकलेला, मागचा एक पाय खुराच्या टोकावर मुडपलेला, खालचा ओठ लोंबता. पुतणी कुंपणाबाहेरून बघत होती, दोन्ही हात पाठीमागे बांधून.