दवाखाना, डेटा आणि वकिली

प्रश्न : मी एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आरोग्यसेवेचे कायदे आणि आयटी यांत वकिली करायची आहे. गावाकडे राहून जमेल का?
– एक वाचक, टेंभुर्णी (ता. जाफराबाद, जि. जालना)

उत्तर : जमेल, पण आधी दोन-तीन वर्षं जालन्यात किंवा छत्रपती संभाजीनगरला एखाद्या सीनियरच्या हाताखाली काढा. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा सुप्रीम कोर्टाने 1995 मध्ये ग्राहक कायद्याच्या कक्षेत आणली. त्यामुळे डॉक्टरांविरुद्धच्या तक्रारी ग्राहक आयोगात येतात; तिथे केसपेपर वाचायला शिकाल. संमतीपत्रावरची वेळ ऑपरेशननंतरची निघाली, तर डॉक्टरांच्या वकिलाला घाम फुटतो!

महाराष्ट्रात केंद्राचा 2010 चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा नव्हे, तर 1949 चा नर्सिंग होम नोंदणी कायदा चालतो. आयत्या नोट्सवर विसंबणारे इथेच फसतात.

खरी संधी डेटात आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात दंड 250 कोटी रुपयांपर्यंत आहे, आणि आपल्याकडे पेशंटचे रिपोर्ट सर्रास व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतात. संमती घेतली का, फाइल कोण उघडू शकतं, सॉफ्टवेअर कंपनीशी करार काय, हे तपासून देणारा वकील तालुक्याच्या दवाखान्यालाही लागणार. ते काम लॅपटॉपवर, घरबसल्या होतं.

कोडिंग नाही आलं तरी चालेल. 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचना मात्र मुळातून वाचा, यूट्यूबवर नको.