कवडसा

आमगाव, आषाढ

प्रिय भाची,

मामाचा नमस्कार. आपल्या घरात मामाच भाचीच्या पाया पडतो, त्यामुळे रागावायची सोय नाही. पण मोठ्या लेन्सची किंमत वाचून हात कपाळाला गेला. "लेन्सशिवाय सारस मिळत नाही," म्हणतेस. बाई, सारस जवळजवळ माणसाएवढा उंच. धानाच्या बांधीत उभा असला तर धुऱ्यावरून माझ्या या डोळ्यांनाही दिसतो. परसवाड्याच्या तलावावर जाऊन बघ, काठावरचे सगळे एकच फोटो काढतात: लाल डोकं, पसरलेले पंख, मागे धूसर हिरवं. तसाच आणखी एक हवा कशाला?

मीही त्यातलाच होतो. एका पावसाळ्यात घरट्याच्या हावेपायी बांधीत शिरलो. जोडी उठून दूर गेली आणि अंड्यांवर कावळे आले. ते फोटो मी कुणालाच दाखवले नाहीत. रोवणीपासून कापणीपर्यंत घरट्याकडे फिरकू नकोस, पाया पडून सांगतो.

आता लेन्सविना काय करता येतं ते ऐक. आजीच्या कौलारू ओसरीवर दुपारी पडणारे कवडसे आठवतात? कौलांतली फट वाकडीतिकडी, तरी कवडसा गोल. का? तो फटीचा आकार नव्हे, सूर्याचं चित्र असतं. २४ ऑक्टोबर १९९५ च्या ग्रहणात निंबाखाली शेकडो चंद्रकोरी पडल्या होत्या, आम्ही पोरांना त्या हातावर झेलायला लावलं. हेच तत्त्व घेऊन एक खोली अंधारी कर. खिडकीला काळा पुठ्ठा लाव, मधोमध रुपयाच्या नाण्याएवढं भोक पाड आणि दहा मिनिटं डोळे सरावू दे. समोरच्या भिंतीवर अंगण उलटं उतरेल: आकाश खाली, सायकलवाला डोक्यावर चालणारा. भोक लहान केलंस तर चित्र रेखीव, पण मंद. त्या भिंतीचा फोटो घे, शटर बराच वेळ उघडं ठेवून. आजीला त्या भिंतीपुढे बसव. ती हलेल, हलू दे.

दुसरं काम जास्त धीराचं. दादासाहेब फाळक्यांकडे १९१२ मध्ये कॅमेरा होता, पण सिनेमाला पैसा नव्हता. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा न हलवता महिनाभर त्याच रोपाची एकेक चौकट टिपत राहिले. पडद्यावर बघणाऱ्यांपुढे अंकुर भराभर वाढला, आणि भांडवल देणारे मिळाले. पुढच्याच वर्षी 'राजा हरिश्चंद्र' आला. मला तर त्या वाटाण्याचंच जास्त कौतुक वाटतं.

तू तेच आपल्या बांधीत कर. पऱ्हे टाकले आहेतच. धुऱ्यावर बांबू रोव, वर मोबाइल बसेल अशी खाच कर आणि रोज सकाळी त्याच वेळी एक फोटो. चिखलणी, रोवणी, पाणी भरलेली बांधी, लोंबी, पिवळं पडणं, कापणी, पुंजणं. एकशेवीस दिवस झाले की सेकंदाला बारा या हिशेबानं दहा सेकंद. चार महिन्यांचे दहा सेकंद! पाऊस आहे, लेन्स ओली आहे, आज काहीच बदल नाही, असं वाटेल त्या दिवशीही काढ. कधीतरी धुऱ्यावरून सारस चालत जाईल, आणि तो आपणहून आलेला असेल.

निळ्या छपाईचं, म्हणजे सायनोटाइपचं, दिवाळीला शिकवीन. हर्शेलनं १८४२ मध्ये काढलेली रीत आहे. कागद, दोन रसायनं आणि आपलं ऊन पुरतं. त्यासाठी धानाचं एक रोप मुळांसकट जपून वाळवून ठेव.

आणि हो, बांबूच्या बुडाला डांबर लाव. उधई खाते.

तुझा,
मामा