काळ्या जमिनीवर नकली हिरवळ

पोरांनो, अंगणात नकली हिरवळ टाकायची म्हणताय, टाका. आपल्या सोलापुरात नळाला रोज पाणी नाही, मे महिन्यात पारा ४४च्या घरात. खरी हिरवळ जगवायची तरी कशी? पण गालिच्यासाठी दुकानं पालथी घालण्याआधी जमिनीकडं बघा.

आपली माती काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर थेट गालिचा अंथरला की एका पावसाळ्यात खळगे ठरलेले. म्हणून निदान वीतभर, जमलं तर फूटभर माती उचला. खणायचं ते वाफशावर. मुठीत गोळा व्हावा, पण हाताला चिकटू नये. दिवाळीपासून संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेपर्यंत हे काम उरकतं.

कुंदा आणि लव्हाळा मात्र हातानं वेचा. कुंद्याच्या गाठीगाठीच्या मुळीचा तुकडा राहिला तरी तो फुटतो. लव्हाळ्याची काळपट गाठ खाली राहिली तर सुईसारखं टोक प्लॅस्टिक भोसकून वर येतं. ढेकूळ फोडून आत बघा. घाईच्या माणसाला हे काम देऊ नका, मजुरी जास्त गेली तरी चालेल.

मग तळ ठोकून जिओटेक्स्टाईल कापड अंथरा, म्हणजे काळी माती वर चढत नाही. त्यावर मुरूम, तीन-तीन इंचांचे थर, प्रत्येक थरावर पाणी मारून धुम्मस. सगळा एकदम ओतून वरवर ठोकला तर खाली पोकळच राहतो. वर बारीक खडी, शेवटी इंचभर कच. वाळू नको, ती पाण्याबरोबर सरकते. कडेला शहाबादी फरशी उभी गाडा.

उतार घराच्या जोत्यापासून बाहेर, मीटरला एक सेंटीमीटर. गवंड्याच्या पाणी भरलेल्या नळीनं समोर उभं राहून मोजून घ्या. काळ्या मातीत पाणी लवकर मुरत नाही, ते बाहेर काढावंच लागतं. अंगणात कडुनिंब असेल तर त्याच्या बुंध्याभोवती हातभर आळं मोकळं सोडा.

जागा शक्यतो घराच्या पूर्वेची धरा. दुपारच्या उन्हात ते प्लॅस्टिक असं तापतं की लेकरांचे तळपाय पोळतात. तिथं घराची सावली तरी मिळते.

पाया झाला की एक पावसाळा तसाच राहू द्या. परतीचा पाऊस सरला की बघा. जिथं बसला असेल तिथं कच भरा, पुन्हा ठोका आणि मगच गालिचा आणा.