अनेकांस लिहावयाचें पत्र

एकास लिहिलेलें पत्र आणि पन्नासांस एकदम पाठविलेलें पत्र यांत मोठें अंतर आहे. पहिलें वाचणारा आपला स्वभाव जाणतो. आपण रागावलों कीं थट्टा केली, हें त्यास सहज उमगतें. दुसरें पत्र ज्यांच्या हातीं पडतें, त्यांतील कित्येकांनीं आपलें तोंडही पाहिलेलें नसतें. आमचे विद्यार्थी व त्यांचे पालक आतां ई-मेलनें अनेकांशीं एकदम विचारविनिमय करतात. म्हणून या लेखनाच्या शिष्टाचाराविषयीं थोडें लिहितों.

१९८२ सालीं अमेरिकेंतील कार्नेगी मेलन विद्यापीठांत, संगणकावरील सामायिक सूचनाफलकावर, कांहीं मंडळी पदार्थविज्ञानाचें एक कोडें सोडवीत होती: लिफ्ट तुटून कोसळूं लागली तर आंतील पाऱ्याच्या थेंबाचें काय होईल? एकानें गमतीनें सूचना लिहिली कीं, प्रयोगामुळें अमुक लिफ्टमध्यें पारा पसरला असून थोडी आगही लागली होती. मागील मजकूर न वाचलेल्या कांहीं जणांस ती सूचना खरी वाटली! पुढें १९ सप्टेंबर रोजीं स्कॉट फालमन यांनीं सुचविलें कीं, थट्टेच्या मजकुरापुढें विरामचिन्हांचें आडवें हसरें तोंड काढावें. विद्वानांची लेखी थट्टा अशी फसते, तर आठव्या इयत्तेंतील मुलाची कां फसूं नये?

ऑक्टोबर १९९५ मध्यें सॅली हॅम्ब्रिज यांनीं लिहिलेलें इंटरनेटवरील शिष्टाचाराचें टिपण प्रसिद्ध झालें. त्याचा क्रमांक १८५५. सर्व इंग्रजी अक्षरें मोठीं लिहिलीं कीं तें ओरडल्यासारखें दिसतें, असें त्यांत बजाविलें आहे. देवनागरींत मोठीं अक्षरें नाहींत. आम्ही ती हौस तीन-तीन उद्गारचिन्हांनीं भागवितों. उत्तर देतांना मागील पत्राचा संदर्भापुरताच भाग ठेवावा, हाही त्यांतील एक नियम. शिवाय विषयाची ओळ पाहावी. सहलीच्या पत्राखालीं फीचा प्रश्न विचारला तर तो कोणास सांपडणार? आभार एकाचे मानावयाचे असतील तर त्या एकासच लिहावें.

भावना फार तापल्या असतील तर उत्तर पाठविण्यापूर्वीं रात्र जाऊं द्यावी, असेंही त्या टिपणांत आहे. हें मीं वाचलें होतें. पाळलें मात्र नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वीं एका परीक्षेसंबंधीं आम्हां चाळीस शिक्षकांत पत्रव्यवहार चालला होता. एका वडीलधाऱ्या गृहस्थांनीं भलें लांब पत्र धाडलें. मीं त्याच रात्रीं एका स्नेह्यास लिहिलें, “यांस प्रश्नपत्रिका आटोपशीर काढतां येत नाहीं, तें पत्र कोठून आटोपशीर येणार?” घाईंत बोट ‘सर्वांस उत्तर’ यावर पडलें.

दुसऱ्या दिवशीं मीं त्यांच्या घरीं जाऊन क्षमा मागितली. त्यांनीं चहा दिला. विषय काढला नाहीं. परततांना त्यांच्या पत्नी मात्र हळूच म्हणाल्या, “मास्तर, अपमान चाळीस जणांसमोर झाला आणि क्षमा स्वयंपाकघराच्या दाराशीं!” रस्ताभर तें वाक्य माझ्याबरोबर होतें. घरीं येऊन त्याच चाळीस जणांस चार ओळी लिहिल्या. सबब एकही सांगितली नाहीं. बोट चुकल्याचीही नाहीं, कारण वाक्य माझेंच होतें.

सायंकाळीं त्यांचें उत्तर सर्वांस आलें, “पत्र पावलें. प्रश्नपत्रिका सोबत आहे. मास्तरांनीं ती आटोपशीर करून द्यावी.”