जास्तीचा वार

डंजन्स अँड ड्रॅगन्सचा डाव चालवायला घेतला की पहिल्या-दुसऱ्या लेव्हललाच एक तक्रार येते: अमक्याला एका पाळीत दोन वार मिळतात, हा अन्याय आहे. चेन्नईच्या जॉर्ज टाउनमध्ये, मिंट स्ट्रीटलगतच्या एका गलाईच्या दुकानावर आमचा डाव बसतो, तिथेही ती आली. खेळणारी पोरं बहुतेक खानापूर-आटपाडीकडची, सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी इथे आलेल्या घरांतली. एकाने दोन्ही हातांत आखूड तलवारी घेतल्या आणि त्याचा चुलतभाऊ तणतणला, "दादा, ह्यो एकटाच दोन-दोन वार करतोय की! आमी निस्तं बघत बसायचं व्हय?"

हा तलवारवाला आधी दुसऱ्या टोळक्यात खेळायचा. तिथल्या डीएमने, म्हणजे डाव चालवणाऱ्याने, अशीच ओरड ऐकून त्याचा दुसरा वार काढून टाकला, बदल्यात काही दिलं नाही. पोराने तिथे जाणंच सोडलं. म्हणून कळकळीने सांगतो, कात्री लावण्याआधी कागद-पेन्सिल घ्या.

२०१४ च्या नियमांप्रमाणे पहिल्या लेव्हलचा, ताकद १६ असलेला फायटर धरा. मोठ्या तलवारीचे दोन सहाबाजू फासे अधिक ३, सरासरी १०. आखूड तलवारींत पहिला वार एक फासा अधिक ३, दुसरा नुसता फासा, कारण त्यात ताकदीचे ३ मिळत नाहीत. साडेसहा अधिक साडेतीन, पुन्हा १०च. (ते ३ मिळवून देणारी फायटिंग स्टाइल आहे, पण ती घेतली की दुसरी घेता येत नाही.) १५ आर्मर क्लासच्या गॉब्लिनला निदान एक वार लागायची शक्यता मात्र ५५ टक्क्यांवरून ८० च्या आसपास जाते. इतरांच्या डोळ्यांत खुपतं ते हे.

खरा भार दुसरीकडेच होता. आमच्यातल्या एकाने ‘व्हेरिअंट ह्यूमन’ घेऊन पहिल्याच लेव्हलला ‘पोलआर्म मास्टर’ घेतलं. लांब दांड्याचं पातं, दहाबाजू फासा अधिक ३. मग दांड्याच्या मागच्या टोकाने चारबाजू फासा, तिथेही अधिक ३. सरासरी १४, दर पाळीला आणि फुकट. त्याच्याविरुद्ध कुणी चकार शब्द काढला नाही, कारण तो मागच्या रांगेत उभा राहून झटपट फासे टाकायचा. तेव्हा वार किती, हे मोजत बसू नका. जास्तीच्या वाराला पूर्ण बेरीज मिळते का आणि त्याची किंमत काय, हे बघा.

मंकचा ‘फ्लरी ऑफ ब्लोज’ दुसऱ्या लेव्हलला मिळतो, पण तेव्हा तो वापरायला लागणारे ‘की’ पॉइंट दोनच असतात. फायटरचा ‘अ‍ॅक्शन सर्ज’ एकदा वापरला की विश्रांतीशिवाय परत येत नाही. तुम्ही दिवसाला एकच लढाई ठेवलीत तर हे दोघे भारी वाटणारच. अशा वेळी नियमाला हात न लावता लढाया वाढवा.

पाचव्या लेव्हलला लढवय्यांना हक्काचा ‘एक्स्ट्रा अटॅक’ मिळतो, त्याच सुमाराला विझर्डला ‘फायरबॉल’. त्याआधी जादूची अंगठी वगैरे देऊन तसाच पूर्ण दुसरा वार कुणाच्या हाती देऊ नका. ७ हिट पॉइंटचे गॉब्लिन त्याच्यापुढे टिकत नाहीत आणि बाकीच्यांना काम उरत नाही. १९७८ च्या पुस्तकात गॅरी गायगॅक्सने फायटरला लेव्हलइतके वार दिले होते, पण एका हिट डायपेक्षा कमी दमाच्या किरकोळ शत्रूंवरच. वार वाढवायचेच असतील तर अशी हद्द घालून वाढवा.

तणतणणाऱ्या चुलतभावाचंही एक खरं होतं: त्याची पाळी फार उशिरा येत होती. इथल्या घरांत दायकट्टै हा फाशांचा खेळ खेळतात. त्यात दायम, म्हणजे एक, पडलं की पुन्हा फासे टाकायला मिळतात, आणि तेवढ्यानेही समोरचा चुळबुळ करतो. उपाय साधा आहे. दोन वारांसाठी दोन रंगांचे वीसबाजू फासे एकदमच टाकायला लावा, कुठला रंग कुठल्या हाताचा ते आधी ठरवून, आणि नुकसानीचे फासेही सोबतच. आमच्याकडे तलवारवाला आता लाल-निळे टाकतो. दांडपट्ट्यासारखं ते लांब पातं फिरवणाऱ्याशी बोलून ठरलंय की नव्या डावात ‘पोलआर्म मास्टर’ चौथ्या लेव्हलला घ्यायचं. तोवर त्याच पात्याने तो दर पाळीला एकच वार करील.