नान्नजच्या माळावर: पायी आणि सायकलीवर

सोलापूरहून बार्शीला जाताना वाटेत नान्नज लागते. तिथला माळ आम्ही कित्येक वर्षे एस.टी.च्या खिडकीतून पाहिला. “काय आहे तिथे? नुसते गवत!” असे आम्हीही म्हणत होतो. मुख्याध्यापक म्हणून मुलांना शिकवले, पण हा माळ आम्हालाच वाचता येत नव्हता. तो कसा वाचायला शिकलो, ते या पाठात सांगतो.

गेल्या हिवाळ्यात आमच्या साक्षरता वर्गातील सहा जणांना घेऊन आम्ही निघालो. पहाटे सिद्धेश्वर तळ्याच्या काठी जमलो. तळ्यात मंदिर, शेजारी भुईकोट किल्ला. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमांतून हे तळे करवले, असे लोक सांगतात. किल्ला बहामनी काळातला. हे सगळे पायी फिरून पाहिले. वाडवडिलांनी आपल्यासाठी ठेवलेल्या अशा ठेव्याला वारसा म्हणतात. पण काही वारसा माणसाने बांधलेला नसतो. माळ हा तसला वारसा आहे.

मुंबईत बोरिवलीला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे लोक जंगलातून पायी किंवा सायकलीने कान्हेरीची जुनी लेणी पाहायला जातात. एकाच वाटेवर जंगलही दिसते आणि इतिहासही. आपल्या जिल्ह्यात तसेच करावे, असे आम्ही ठरवले.

किल्ल्यापासून नान्नज सुमारे २० किलोमीटर. बार्शी रस्त्यावर ट्रक फार. म्हणून आम्ही डाव्या कडेने, एकामागे एक चाललो. वळायचे असले की पुढचा हात दाखवी. जवळ पाणी, भाकरी आणि हवा भरायचा पंप होता. दर पाच-सहा किलोमीटरला थांबलो. घाई केली नाही.

नान्नजला वनखात्याच्या चौकीवर परवानगी घेतली. सायकली तिथेच ठेवल्या. वर्गातल्या एका बाईंनी फलकावरचे अक्षर बोटाने दाखवत मोठ्याने वाचले, “मा-ळ-ढो-क.” वर्षापूर्वी त्या अंगठा उठवत होत्या. आम्हाला फार समाधान वाटले.

आता माळढोक म्हणजे काय ते पाहू. हा मोठा, जड पक्षी आहे. नर सुमारे १ मीटर उंच. वजन १५ किलोपर्यंत भरते. मान पांढरी, डोक्यावर काळी टोपी. तो झाडावर बसत नाही. उघड्या माळावर चालतो. नाकतोडे, किडे, सरडे, बोरे, दाणे खातो. पिकावरची कीड खातो, म्हणून तो शेतकऱ्याचा मित्रच. मादी घरटे बांधत नाही. उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते आणि सुमारे चार आठवडे उबवते. त्या अंड्यावर पाय पडला, किंवा कुत्र्याने ते खाल्ले, की पिल्लू गेलेच.

आम्ही पायवाटेने निघालो. वाटेत मेंढरे राखणारे एक म्हातारे बाबा भेटले. आम्ही विचारले, “बाबा, माळढोक दिसतो का हो?”

ते म्हणाले, “गुरुजी, आमी पोरं होतो तवा लई दिसायचे. आता डोळं फुटायची पाळी आली, तरी दिसंना.”

त्यांचे म्हणणे खरे आहे. साऱ्या देशात आता दीडशेहून कमी माळढोक उरले आहेत. त्यातले बहुतेक राजस्थानात. नान्नजला तो क्वचितच दिसतो. असे का झाले? पूर्वी शिकार झाली. माळ नांगरले गेले. माळ म्हणजे पडीक जमीन, असे समजून कुठे कुठे झाडे लावली. झाड चांगलेच, पण माळढोकाला मोकळी जागा लागते. विजेच्या ताराही घात करतात. या पक्ष्याला समोरचे नीट दिसत नाही. जड अंगाने उडताना तो तारेवर आदळतो.

सरकारने १९७९ साली इथे अभयारण्य केले. तेव्हा हद्द ८,४९६ चौरस किलोमीटर होती. तीत गावे, शेते, रस्ते सारेच आले. जमिनीच्या व्यवहाराला आणि कामांना अडचणी आल्या. लोक चिडले. त्यांचा राग खोटा नव्हता. २०१२ च्या सुमारास हद्द कमी होऊन सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर झाली. यातून आम्ही एक गोष्ट शिकलो. माणसाला दूर लोटून पाखरू वाचत नाही, आणि पाखराला विसरून माळ वाचत नाही. दोघांचाही विचार करावा लागतो.

त्या दिवशी माळढोक दिसला नाही. काळविटांचा कळप मात्र दिसला. आम्ही पायी होतो, आवाज नव्हता, म्हणून तो लगेच पळाला नाही. मोटारीतून हे दिसले नसते. बाबा म्हणाले, “गवत हाय तवर मेंढरू हाय, काळवीट हाय. गवत गेलं की समदंच गेलं.” आम्ही वर्गात पुष्कळ पाठ शिकवले, पण हा पाठ बाबांनी शिकवला.

तुम्ही गेलात, तर एवढे ध्यानात ठेवा:

१. वनखात्याची परवानगी घ्या.
२. पायवाट सोडू नका. पावसाळ्यात तर मुळीच नको, तेव्हा विणीचा काळ असतो.
३. कुत्रे बरोबर नेऊ नका.
४. ओरडू नका, विडी पेटवू नका. वाळले गवत लगेच पेटते.
५. पक्षी दिसला, तर लांबूनच पाहा. पाठलाग करू नका.

प्रश्न

१. माळढोक अंडे कुठे घालतो?
२. माळावर झाडे लावल्याने माळढोकाला त्रास का होतो?
३. तुमच्या गावच्या माळावर पूर्वी कोणते पक्षी आणि प्राणी होते? घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि त्यांची नावे वहीत लिहा.